टोपी उतरली, खर्च चढला

घोडेगावच्या बाजारात कांद्याचा भाव पडला की सोनईच्या शिवारातला शेतकरी डोकं धरून बसतो. त्या डोक्यावर काय उरलंय, याकडे मात्र एका निराळ्याच बाजाराचं बारीक लक्ष असतं.

फेब्रुवारी २०२३ मधली गोष्ट महाराष्ट्र विसरलेला नाही. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात नेला. भाव लागला किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा जाऊन पट्टीवर उरले दोन रुपये एकोणपन्नास पैसे. व्यापाऱ्याने चेक दिला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. त्याच सुमारास त्याच राज्यातल्या मेडिकलमध्ये कांद्याचं केशतेल काचेच्या कपाटात दिमाखात बसलं होतं. बाटली मुठीत मावेल एवढी, छापील किंमत चारशेच्या घरात. ती एक बाटली घ्यायची तर त्या शेतकऱ्याला तसल्या दोनशे पट्ट्या लागल्या असत्या, म्हणजे शंभर टनांवर कांदा. एवढा कांदा पिकवून त्या भावात विकल्यावर केस राहिले असते का, हा प्रश्न वेगळा.

सोनई हे नेवासा तालुक्यातलं उसाचं गाव. मुळा सहकारी साखर कारखाना इथला, आणि राहुरीकडून शनिशिंगणापूरला निघालेल्या भाविकांच्या गाड्याही इथूनच जातात. नगर जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं तरी ‘नगरला दवाखान्यात जाऊन येतो’ हे वाक्य बदललेलं नाही. या पट्ट्यातल्या जुन्या पिढीने केसगळतीवर एकच उपाय केला, तो म्हणजे पांढरी टोपी. टोपीखाली दाट जावळ आहे की नुसतं माळरान, हे घरधनीण आणि न्हावी या दोघांनाच ठाऊक असायचं. सभेत, लग्नात, तलाठ्यापुढे, सोसायटीच्या मीटिंगला टोपी डोक्यावरच. खर्च काय, तर वर्षाकाठी दोन टोप्या आणि थोडी नीळ. पुढे पोरांनी टोपी काढली. डोकं उघडं पडलं आणि खर्चाला तोंड फुटलं.

पहिली पायरी फुकट असते. सलूनमध्ये कटिंग झाल्यावर कारागीर मागून आरसा धरतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, “दादा, वरून जरा पातळ व्हायला लागलंय हं.” तेवढं वाक्य पुरतं. त्या दिवसापासून तो दादा मोबाइल उलटा धरून स्वतःच्या टाळूचे फोटो काढू लागतो, कंगव्यातले केस मोजू लागतो. माणसाच्या डोक्यावर लाखभर केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणं हा शरीराचा नित्यक्रम आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. सांगतात ते उपाय. आई म्हणते माका आणि जास्वंद. आत्या म्हणते एरंडेल. चुलते म्हणतात, बोअरचं क्षाराचं पाणी सोड. मित्र म्हणतो, हेल्मेट सोड, आणि हे तो अशा माणसाला सांगतो ज्याने जन्मात हेल्मेट घातलेलं नाही. शेवटी कोणीतरी कांद्याचा रस सुचवतं. मग आठवडाभर डोक्याला भेळेच्या गाडीचा वास येतो आणि घरातली माणसं जेवायला थोडी लांब बसतात.

कांद्याच्या रसाला शास्त्राचा आधार अजिबात नाही असंही नाही. २००२ मध्ये बगदादच्या डॉक्टरांनी तो थोड्या रुग्णांवर लावून पाहिला आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे केस उगवले. मात्र ते रुग्ण चाई पडलेले होते. चाई वेगळी, टक्कल वेगळं. चाईत केस गोल चकत्यांनी जातात आणि पुष्कळदा काही महिन्यांत आपले आपण परतही येतात. पुरुषी टक्कल कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आणि टाळूवरून सरकत येतं आणि मुक्कामाला राहतं. एवढा फरक बाटलीवर छापायला जागा पुरत नसावी.

उसाच्या गावाला हा फरक समजणं अवघड नाही. ऊस तुटला की त्याच बुडख्यातून खोडवा फुटतो, पण पहिल्या लागणीचं टनेज खोडव्याला येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खोडव्याला कांडी बारीक होते आणि शेतकरी रान मोडून टाकतो. डोक्यावरही हेच चालतं. एक केस काही वर्षं वाढतो, गळतो आणि त्याच मुळातून पुन्हा येतो. ज्यांना आईबापांकडून तसा वारसा आलेला असतो, त्यांच्या टाळूवरची मुळं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाच्या पुरुषी संप्रेरकाला बळी पडतात आणि दर फेरीला केस आधीपेक्षा बारीक येतो. शेवटी नुसती लव उरते. मानेवरच्या आणि कानांमागच्या मुळांना या संप्रेरकाची फिकीर नसते, म्हणून तिथली झालर मरेपर्यंत टिकते. डॉक्टरांनी या माघारीच्या सात पायऱ्या ठरवलेल्या आहेत. हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये मांडणी केली, नॉरवूड यांनी १९७५ मध्ये ती सुधारली. जगभरचे टकले आजही त्याच मापाने मोजले जातात.

फुकटची पायरी संपली की तेलाची येते. सोनईपासून पाच-सहा किलोमीटरवर शिंगणापूर. तिथल्या देवस्थानाने मार्च २०२५ पासून शनिदेवाला चांगल्या कंपनीचं खाद्यतेलच वाहावं, असा नियम केला. भेसळीच्या तेलाने शिळेची झीज होईल ही काळजी. देव दगडाचा, तरी त्याला तेल पारखून. त्याच रस्त्याने दर्शन घेऊन परतणारा भक्त स्वतःच्या टाळूला मात्र मोबाइलवर आलेल्या जाहिरातीतलं ‘एकवीस जडीबुटींचं’ काहीही लावायला तयार असतो. शिळेची झीज देवस्थानाने मनावर घेतली. भक्ताच्या डोक्याची झीज आधीच सुरू झालेली असल्यामुळे त्याला गमावण्यासारखं काही राहिलेलं नसतं.

कायदा या बाबतीत कडक आहे, निदान कागदावर. १९४५ च्या औषध नियमांना ‘जे’ नावाची एक अनुसूची जोडलेली आहे. आपल्या औषधाने अमुक आजार बरा होतो, असा दावा उत्पादकाने करू नये, अशा आजारांची ती यादी. त्यात कर्करोग आणि अंधत्वाच्या पंगतीत टक्कलही मांडी घालून बसलंय. नव्याने केस उगवण्याचा दावाही त्यात आला. म्हणून जाहिरातवाले जपून बोलतात. वर मोठ्या अक्षरांत ‘केसगळतीला रामराम’, त्यावर एक चांदणी, आणि तळाला मुंगीच्या आकाराच्या अक्षरांत ‘केस तुटल्यामुळे होणारी गळती’. तुटणं आणि मुळातून जाणं यांत किती अंतर आहे, ते वाचायला भिंग लागतं.

केरळातल्या त्रिशूरच्या एका ग्राहकाने मात्र हे सहन केलं नाही. त्याने २०१२ मध्ये ३७६ रुपयांना केसवाढीची क्रीम घेतली होती. जाहिरातीत एक नामांकित मल्याळी अभिनेता होता. केस आले नाहीत, घरच्यांनी चेष्टा केली ती वेगळीच. गृहस्थ ग्राहक न्यायालयात गेला. खटला वर्षानुवर्षं चालला. साक्षीत अभिनेत्याने कबूल केलं की आपण ती क्रीम कधी लावलेलीच नाही, आपण आईने घरी केलेलं तेल वापरतो. कंपनीला दहा हजार आणि अभिनेत्याला दहा हजार दंड झाला. म्हणजे जाहिरातीतल्या दाट केसांचं श्रेय निघालं अभिनेत्याच्या मातोश्रींचं, आणि त्यांचं तेल बाजारात मिळत नव्हतं.

तिसरी पायरी नगरला, त्वचारोगतज्ज्ञांकडे. इथे पहिल्यांदा खरं औषध भेटतं, पण त्याची कुळकथा मजेशीर आहे. अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीने मिनॉक्सिडिल १९७९ मध्ये बाजारात आणलं ते रक्तदाबाची गोळी म्हणून. रक्तदाब उतरला, पण रुग्णांच्या कपाळावर आणि गालांवर केस उगवायला लागले. कंपनीने हा दुष्परिणाम बाटलीत भरला आणि १९८८ मध्ये टाळूला लावायचं औषध म्हणून त्याला तिकडे मान्यता मिळाली. दुसरं औषध फिनास्टेराइड. ते १९९२ मध्ये आलं म्हाताऱ्यांच्या वाढलेल्या प्रोस्टेटसाठी, पाच मिलिग्रॅमच्या गोळीत. १९९७ मध्ये त्याचीच एक मिलिग्रॅमची गोळी टकलासाठी मंजूर झाली. आज सगळ्या जगाची भिस्त असलेली ही दोन्ही औषधं अशी दुसऱ्याच कामाला निघाली होती, वाटेत टक्कल भेटलं.

आता हिशेब. मिनॉक्सिडिल दिवसातून दोनदा, दर वेळी एक मिलिलिटर. बाटली साठ मिलिलिटरची, म्हणजे बरोबर महिन्याची. बाटली सहाशे रुपयांची धरली तर वर्षाला ७,२००. पंचविसाव्या वर्षी सुरू करून पन्नाशीपर्यंत लावलं, तर तीनशे बाटल्या आणि एक लाख ऐंशी हजार रुपये. सुरुवातीच्या आठवड्यांत केस उलट जास्त गळतात, तेव्हा बरेच जण घाबरून सोडून देतात. जे टिकतात, त्यांनी पुढे कधी कंटाळून बाटली बंद केली, की राखलेले केस काही महिन्यांत निरोप घेतात. दुकानदार सांगतो तो भाव बाटलीचा असतो. खरेदी होते ती मुदतीची, आणि ती दर महिन्याला संपते.

मध्येच कोणीतरी ‘पीआरपी’ सुचवतं. दंडातून आपलंच रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, वरचा पिवळा भाग घ्यायचा आणि सुईने आपल्याच डोक्यात टोचायचा. एका खेपेला काही हजार. देणारा आपणच, घेणारा आपणच, पैसे मात्र तिसऱ्यालाच.

शेवटची पायरी रोपणाची. मानेवरच्या झालरीतून एकेक मूळ काढून टाळूवर लावायचं. अशा एका रोपाला ग्राफ्ट म्हणतात आणि भाव रोपावर असतो. ग्राफ्टला चाळीस रुपये आणि अडीच हजार ग्राफ्ट धरले, तर झाले एक लाख. लागण झाल्यावर पहिल्या महिना-दोन महिन्यांत लावलेले केसही गळून पडतात आणि तीन-चार महिन्यांनी नवे फुटू लागतात. एवढा धीर ज्याच्याकडे नसतो, तो त्या काळात क्लिनिकला दिवसातून दोनदा फोन करतो. आजूबाजूचे मूळचे केस पुढे गळतच राहतात, म्हणून लागणीनंतरही औषध चालूच ठेवायला सांगतात. लाखाच्या वर ते सहाशे रुपये आहेतच.

इथे सरकारही रांगेत उभं असतं. वस्तू आणि सेवा करात आरोग्यसेवेला सूट आहे, पण २०१७ च्या अधिसूचनेत हेअर ट्रान्सप्लांटचं नाव घेऊन त्याला सूट नाकारलेली आहे. तेव्हा दर अठरा टक्के होता, म्हणजे लाखावर अठरा हजार. जन्मजात दोष किंवा अपघाती इजा अशा कारणांसाठीच माफी. टक्कल जन्माआधीच वडिलांकडून किंवा आजोळकडून ठरलेलं असतं, तरी ते जन्मजात दोषात बसत नाही, आणि ते पाहून झालेली इजा अपघाती धरली जात नाही. विमा कंपन्याही याला सौंदर्याचा खर्च म्हणून हात झटकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये केशतेल आणि शाम्पूवरचा कर अठरावरून पाच टक्क्यांवर आला, कंगव्याचा बारावरून पाचवर. केस असलेल्यांना सवलत मिळाली. नसलेल्यांना तिचा उपयोग काय?

केसांवर कर बसवायची युक्ती जुनीच. ब्रिटनचे पंतप्रधान विल्यम पिट यांनी १७९५ मध्ये केसांना पावडर लावणाऱ्यांवर वर्षाला एक गिनी कर बसवला. लोकांनी कर भरण्याऐवजी पावडर लावणंच सोडलं आणि फॅशन बुडाली. दक्षिण कोरियात उलटं झालं. २०२२ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ली जे म्युंग यांनी केसगळतीचे उपचार सरकारी आरोग्य विम्यात घेऊ, असं आश्वासन दिलं आणि तिथल्या टकल्यांमध्ये ते एकदम लोकप्रिय झाले. निवडणूक मात्र एक टक्क्याहूनही कमी मतांच्या फरकाने हरले. आपल्याकडे उसाला भाव, कांद्याला अनुदान, शेतीपंपाला वीज यांवर निवडणुका लढवल्या जातात. टाळूचा प्रश्न अजून कोणाच्या जाहीरनाम्यात आलेला नाही.

तसं पाहिलं तर केसाला भाव आहे, फक्त तो डोक्यावरून उतरल्यावर मिळतो. तिरुपतीला मुंडण मोफत होतं आणि त्या केसांच्या ई-लिलावातून देवस्थानाला वर्षाला शंभर कोटींहून अधिक उत्पन्न मिळतं. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने किलोला ६५ डॉलरपेक्षा कमी भावाने कच्चे केस परदेशी पाठवायला बंदी घातली. त्याच वर्षी मे महिन्यात कांद्याची निर्यातबंदी उठली, तेव्हा किमान निर्यातमूल्य ठरलं टनाला ५५० डॉलर, म्हणजे किलोला अर्ध्या डॉलरहून जरासं जास्त. नगर जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकाने हे दोन आकडे शेजारी ठेवले, तर पुढच्या हंगामात काय पिकवावं याचा तो गंभीरपणे विचार करील.

एवढा पैसा माणूस का घालतो? गावातलं उत्तर सरळ आहे: लग्नासाठी. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जुळणाऱ्या तरुणांनी बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही, ही तक्रार नगर जिल्ह्यालाही नवी नाही. अशा बाजारात पाच एकर बागायत, घरचा ट्रॅक्टर आणि कारखान्याचं सभासदत्व एवढं सगळं असलेला मुलगा फोटोत कपाळाच्या वर कपाळ दाखवतो, तेव्हा मामा लोक मध्यस्थी करून फोटो कमरेपासून वर न काढता लांबून काढायला सांगतात. लग्नात फेटा असतोच. पाहण्याच्या कार्यक्रमाला फेटा बांधून गेलं तर चालेल का, एवढाच प्रश्न उरतो.

हा सगळा खर्च करूनही जे साधत नाही, ते २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यात न मागता घडलं, आधी उलट्या दिशेने आणि मग सुलट्या. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांच्या डोक्याला खाज सुटली आणि तीन-चार दिवसांत केस हातात येऊ लागले. अठरा गावांतले २७९ जण, त्यांत शाळकरी मुलं आणि बायकाही होत्या. गावात भीती पसरली, पाहुणे येईनासे झाले, ठरलेल्या सोयरिकी अडल्या. आधी पाण्यावर संशय आला. मग दिल्ली-चेन्नईहून पथकं आली, नमुने घेऊन गेली. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्त, केस आणि रेशनचा गहू तपासून घेतला. पंजाबातून आलेल्या त्या गव्हात सेलेनियम कितीतरी पटींनी जास्त आहे आणि तेच कारण आहे, असं त्यांनी सांगितलं. पुढे काही जणांची नखंही गळली. रेशनचा गहू तेव्हा मोफत मिळत होता. म्हणजे केस फुकट गेले. नंतरच्या महिन्यांत बहुतेकांच्या डोक्यावर ते पुन्हा उगवू लागले, तेही फुकट. केसांची मुळं शाबूत होती म्हणून हे घडलं. ज्यांना त्रास झाला त्यांना यात हसण्यासारखं काही नव्हतं. मात्र त्यांच्या डोक्यावर नवी लव दिसू लागली तेव्हा त्यांनी जे तेल लावलं असेल, ते आज चमत्कारी म्हणून सहज खपेल.

हसण्याची मर्यादा आणखी एका ठिकाणी संपते. मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यापाऱ्याने एकाच बैठकीत हजारो ग्राफ्टचं रोपण करून घेतलं. शस्त्रक्रिया बारा तासांहून जास्त चालली. त्यानंतर तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया येऊन दोन दिवसांत त्याचा मृत्यू झाला. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने रोपण कोणी करावं याची मार्गदर्शक सूचना काढली. त्यात कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणं हे पुरेसं प्रशिक्षण नाही, असं स्पष्ट लिहावं लागलं. जी गोष्ट सरकारला लेखी सांगावी लागते, ती कुठेतरी घडत असणार, असं समजायला हरकत नाही.

तेव्हा सोनईतून नगरला किंवा पुण्याला या कामासाठी निघणाऱ्याने एवढं करावं. आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून आपल्याला चाई आहे की टक्कल, एवढं विचारून घ्यावं. औषधाचा भाव बाटलीवर न विचारता वर्षावर विचारावा आणि किती वर्षं, तेही विचारावं. रोपणाची रक्कम सांगितली की त्यात कर धरलाय का ते पाहावं. आणि सुई प्रत्यक्ष कोण धरणार, त्याचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक मागावा. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत सापडत नसेल, तर बयाणा देऊ नये.